चिमूट

फ्रिजवर चिकटवलेला कागद, शाल्मलीच्या अक्षरात:
रोज साधं कॅल्शियम.
बुधवारी आणि रविवारी डी-थ्री असलेलं.
महिन्यातून दोनदा मल्टिव्हिटॅमिन, गुलाबी झाकण.
प्रमाण चिमूटभर.
बाबा, जास्त नको. जास्तही वाईटच.

आणि ती सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला चेन्नईला.

मी सातपूरच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली.
चार मायक्रॉनसाठी जॉब परत पाठवलेत,
पोरांच्या शिव्या खाल्ल्यात.
चिमूटभर म्हणजे किती?
कोणाच्या बोटांची? कोरड्या की ओल्या?

तीन पिल्लं. बोटाएवढी, पिवळी, अंगावर काळे पट्टे.
बिबट्या पाल म्हणतात.
खालच्या मजल्यावरचे कोठुळे म्हणाले,
गंगापूर रोडला एक शिरला तर वनखातं जाळ्या घेऊन पळतं,
तुमच्याकडे तीन, आणि तुम्ही त्यांना पावडर लावताय.
पावडर त्यांना नाही, मी म्हणालो, रातकिड्यांना.
तेव्हापासून ते जिन्यात थांबत नाहीत.

पिशवीत पाच रातकिडे, वर पांढरी पूड,
तोंड आवळून हलवायचं.
बाहेर येतात ते गिरणीवाल्यासारखे,
मिशांपर्यंत पांढरे.
पिल्लू शेपटीचं टोक थरथरवतं, मान तिरकी करतं,
आणि मग नुसतं खट्.
नंतर डोळे मिटतं. ह्यांना पापण्या असतात.

भिंतीवरचीला नसतात, पण तिचं काही अडत नाही.
ट्यूबलाइटमागे राहते,
मानेच्या दोन्ही अंगांना चुन्याच्या गाठी बांधून,
कोणी डबी उघडायची वाट न बघता.
ती चुकचुकते. ह्या तिघी चुकचुकत नाहीत.
शंका आपली आपणच काढायची.

मला आली.
धाकटीचा मागचा पाय सरळ पडत नव्हता,
पोट फरशीला घासत चालायची.
भिंग लावून पाहिलं,
आणि जे दिसलं त्याचा शब्द
मला लहानपणापासून पाठ होता.
मुडदूस.

अक्काला होता. पाय कंसासारखे,
मधे काहीच न लिहिलेले.
आई तिला कोवळ्या उन्हात अंगणात निजवायची,
वरणात पानाच्या डब्यातला चुना,
नखावर येईल तेवढा.
शाळेच्या फोटोत अक्का कायम मागच्या रांगेत.
उंची बेताची, तरी मागच्या रांगेत.

ऊन आता डबीत मिळतं.
नऊशे रुपये, घट्ट झाकण, थंड जागी ठेवा.

कॉलेज रोडच्या डॉक्टरांनी पिल्लू तळहातावर घेतलं,
खाली गरम पॅड लावा म्हणाले,
कोपऱ्यात बाटलीच्या झाकणात साधी पूड भरून ठेवा,
तिला लागेल तशी ती चाटेल.
वाकलेलं सरळ होईल का, मी विचारलं.
पुढचं वाकणार नाही, ते म्हणाले.

डिसेंबरात निफाडचा पारा सहावर आला
तशी अक्का आठ दिवस राहायला आली.
सीबीएसवर उतरली, डुलत, दोन्ही हातांत पिशव्या,
एकही मला घेऊ दिली नाही.
घरी आल्यावर काचेसमोर खुर्ची ओढून बसली.
बराच वेळ.
मी दाखवायच्या आधी तिने धाकटी ओळखली.
ही ना, म्हणाली.

संध्याकाळी तिने डबी मागितली.
रोज उंबऱ्याशी रांगोळी घालणारी बोटं.
अंगठा, तर्जनी, मधल्या बोटाचा नुसता टेकू.
चिमूट सुटायच्या आधी मी हळूच
सोनाराचा काटा पुढे सरकवला.
तीनशे दहा मिलिग्रॅम.
दुसऱ्या दिवशी तीनशे दहा.
रविवारी तीनशे बारा.
हसू नकोस, म्हणाली, मी हसत नव्हतो.

शाल्मलीला फोनवर आकडा सांगितला.
ती म्हणाली, बाबा, चिमूटभर लिहिलंय ना.

धाकटी आता पोट उचलून चालते. रोज नाही.
थंडी असली की पॅडवरच पडून राहते,
तो पाय बाहेर, परक्याचा असल्यासारखा.

जायच्या आदल्या दिवशी
अक्काने बोटाला लागलेली पूड चाटली.
मी ओरडलो तोवर गिळलीही.
बेचव आहे रे, म्हणाली.
आईचा चुना जीभ भाजायचा.