वाल भिजत घालायचा दिवस

आलेखाच्या वहीत मी ते घर काढलं.
एक चौकोन म्हणजे एक फूट.
फोटो सहाच होते, उरलेलं अंदाजाने.
चौतीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये
दुसऱ्यांच्या शेडचे नकाशे काढले,
न दिसलेली भिंत कुठे असेल
तेवढं मला कळतं.

इन्सब्रुक. तिसरा मजला. सहा रात्री.
खिडकीतून डोंगर दिसतो म्हणे.
आम्हालाही दिसतो नौपाड्यातून,
समोरचा टॉवर उठल्यापासून
पाण्याची टाकी आणि ग्रिल यांच्या मध्ये
येऊरची एक फाक.

स्वयंपाक आपला आपण करायचा, असं वाचून दाखवलं
तर सुनीती ओट्यापाशी म्हणाली,
"मग बदल काय झाला?"
आणि हात पुसून भांड्यांची यादी मागितली.

पातेलं मोठं एक, लहान दोन. तवा खोलगट.
किसणी. बाटल्यांची बुचं काढायचं काहीतरी.
उकडलेल्या अंड्यांसाठी इवलेसे पेले, चार.
कुकर नाही. लाटणं नाही.
लाटणं माझ्या स्वेटरात गुंडाळून मोठ्या बॅगेत,
हातातल्या बॅगेत नको, हत्यार समजतील.
नारळाचं दूध तिकडे डब्यात मिळतं,
आमसुलं नाही मिळत, निषादने कळवलंय.
रात्री दहानंतर आवाज नको.
निघताना घर पुसून दिलं तर सत्तर युरो वाचतात.
सुनीतीने ते तिथल्या तिथे वाचवले.

अडचण वालांची होती.
जांभळी नाक्याचे कडवे वाल, पाऊण किलो.
इथे फडक्यात बांधून विसरून जावं,
मोड आपोआप येतात.
तिथे एप्रिलात रात्री तीन अंश.
"हीटरवर ठेवू पुरचुंडी," ती म्हणाली,
"बाळाला शेकतात तशी."
मी खिडकीखाली हीटर काढला, त्यावर पुरचुंडी.
प्रमाणात नाही आली.

सोमवारी पोचायचं, सोमवारीच भिजत घालायचे.
मंगळवारी उपसायचे, बुधवारी वाट बघायची,
गुरुवारी दुपारी बसून सोलायचे.
"गुरुवारी रात्री जमेल ना त्यांना?"

त्यांना, म्हणाली. त्याला नाही.
मी पेन्सिलीला टोक काढत राहिलो,
टोक होतं तरी.

निषादचं घर तिथून ट्रामने तीन थांबे.
"माझ्याकडे जागा नाही, बाबा,"
असं दोन वर्षांपूर्वी म्हणाला तो.
मी "बरं" म्हटलं.
मग दर रविवारी मी हवामान विचारायचो, तो सांगायचा,
आणि त्याच्या मागे कुणीतरी
कपबशी अगदी हळू ठेवायचं.

टेबलाभोवती मी तीन खुर्च्या काढल्या होत्या.
सुनीतीने चष्मा कपाळावरून खाली घेतला,
फोटोतल्या चौथीवर बोट ठेवलं.
"हिला कुठे ठेवलीत?"

जागेच्या मालकिणीचा फॉर्म होता:
भेटायला येणाऱ्यांची नावं आधी कळवावीत.
निषाद ताम्हाणे, लिहिलं.
खालची ओळ रिकामी.

नाव ठाऊक होतं मला.
एकदाच उच्चारलेलं त्याने, घाईत, फोन ठेवता ठेवता.
विसरायला नको म्हणून
वहीच्या शेवटच्या पानावर, चौकोनांत, एकेक अक्षर
मराठीत टिपून ठेवलं होतं:
मातिआस.
माती, वाचलं होतं तेव्हा. मग थांबून, आस.
कुणाला दाखवलं नव्हतं.

आज पान उघडलं तर खाली
सुनीतीचं तिरकं अक्षर, निळ्या शाईत,
कधीचं कोण जाणे:
तिखट कमी खातो.

संध्याकाळी जांभळी नाक्यावर परत गेलो,
म्हटलं, पाव किलो अजून द्या.
"घरी कार्य वाटतं?" दुकानदाराने विचारलं.
"घरी नाही," म्हटलं.
"गावाला."