तीनदा उतरले

सड्यावर दुपारी खारा वारा आडवा येतो.
विंडसॉक ताठ,
करवंदीच्या जाळ्या सगळ्या एकाच अंगाला कललेल्या.
पन्नास फुटांवर सगळं ठीक होतं.
वीस फुटांवरही.

मग डांबर एकदम वर आलं
आणि मी नाक उचललं, जरा जास्तच.
विमान तरंगलं, काहीतरी विसरल्यासारखं,
आणि धप्प.
पुन्हा हवेत.
अशा वेळी थोडं थ्रॉटल देऊन वर निघून जायचं,
तिरोडकर सरांनी शंभरदा सांगितलेलं.
मी नाक दाबलं.
दुसरी उडी पहिलीहून उंच.
तिसरीला पुढचं चाक गेलं.

मग इतकं शांत झालं
की टिटवी शिव्या घालत होती
त्या मलाच, हे नीट कळलं.

झिलू मेकॅनिक धावत आला,
आधी पेट्रोलचा कॉक बघितला, मग मला,
मग वाकड्या पात्यांवरून हात फिरवत म्हणाला,
"बाये, इमान म्हंजे काय नारळ, आपटून फोडूक?"

लॉगबुकात उड्डाणं : एक.
पुढच्या रकान्यात पेन अडलं.
"खरं तेच लिही," सर म्हणाले,
तेही हसू दाबत होते बहुतेक.

रात्री अब्बांना फोन.
चाळीस वर्षं खाडीच्या तोंडातून होडी आत आणणारा माणूस.
लागलं का कुठं, एवढंच विचारलं.
मग बराच वेळ नुसती गाज.
मग म्हणाले,
"वाळूच्या दांड्यावर मीही घातलेली एकदा.
भरती कळली नाही.
होडी बापाची होती.
त्याला सांगायचं राहूनच गेलं."