गोल पोटाचे सहा

काच हिरवी झाली त्यात माशांचा दोष नाही.
टाकी उन्हात ठेवू नका, असं
खोक्यावर चार भाषांत छापलेलं होतं.
पण खिडकी सोडली तर एकच कोपरा उरतो घरात,
आणि तिथून यार्मिलाचं शिवणयंत्र हलवायचं
म्हणजे मी या वयात बेघर व्हायचं.

ओन्द्रा म्हणाला, आजोबा, शेवाळ खाणारा मासा मिळतो.
मग आम्ही निघालो. ट्रामचे चार थांबे,
नंतर तळघरातलं दुकान.
पायऱ्या उतरताना माझे गुडघे
अजूनही खोली मीटरमध्ये मोजतात.

द्राहोमिरा विकायच्या आधी नावं ठेवते.
हा चिनी. लहानपणी गुणी, मोठेपणी
शेवाळ सोडून शेजाऱ्यांच्या अंगाला झोंबतो.
हा ठिपक्यांचा. आज बोटाएवढा,
दोन-चार वर्षांत तुमच्या बुटाएवढा. बाथटब आहे?
ओन्द्राला बाथटब चालणार होता.

मग हे बघा, म्हणाली.
मला काहीच दिसेना. पाणी, वेल, एक बुडबुडा.
मग काचेवर कुणीतरी टाकलेले
दहा-बारा स्वल्पविराम,
आणि प्रत्येकाला एक तोंड, सारखं हलणारं.

ओटो. ब्राझीलकडच्या नद्यांतून येतात,
जाळ्यातून पिशवीत, पिशवीतून विमानात,
सगळा प्रवास उपाशी.
पाठ नका बघू, पोट बघा.
गोल असेल तोच घ्या.
खपाटीला गेलेला घेऊ नका, कितीही दया आली तरी.
आणि एकटा नको. एकटा पानामागे बसतो
आणि बसूनच राहतो.

अर्धा तास आम्ही दोघं नाक काचेला लावून
पोटं तपासत होतो, भरतीच्या डॉक्टरसारखे.
सहा पास झाले.
सातव्यावर ओन्द्राने बोट ठेवलं. पोटाच्या जागी खळगा.
द्राहोमिराने जाळी मागे घेतली.
येताना तो ट्रामभर बोलला नाही,
पिशवी कोटाच्या आत धरून.

एकोणीस दिवसांत काच अशी झाली
की यार्मिला चष्मा पुसून दोनदा पाहून गेली.
समोरच्या इमारतीचे पडदे दिसायला लागले,
माशांच्या आरपार.
मी सगळ्यांना सांगत सुटलो.

विसाव्या दिवशी एक जण खालून दिसला,
काचेला चिकटलेला, चाटायला काही नव्हतं
तरी तोंड चालूच.
पोट आत.

मी ते पोट ओळखलं.
आमची खाण बंद झाली तेव्हा खाली कोळसा होता.
अजून आहे. हिशोबात बसेना, म्हणाले.
मग सरकारने नळजोडणीचा वर्ग काढला.
चाळिशीतले सतरा जण शाळेच्या बाकांवर,
गुडघे टेबलाला अडकलेले,
हातांचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नाही.

आता गच्चीवर काकडीच्या नऊ बरण्या आहेत.
प्रत्येकीत पाणी आणि नदीवरचे दगड,
तोंड दक्षिणेला.
जे सात महिने शिव्या देत खरवडलं
तेच पिकवतोय.
शेजारचा हावरानेक विचारतो, लोणचं?
मी हो म्हणतो. समजावण्यात सकाळ जाते.

एक दगड हिरवा झाला की टाकीत,
चाटून झाला की परत उन्हात.
मध्ये ओन्द्रा झुकिनीची उकडलेली चकती
काट्याला टोचून सोडतो.
पहिले दोन दिवस तिला कुणी विचारलं नाही.
तिसऱ्या दिवशी सगळे तिच्यावर,
आणि खालून बघावं तर
सहा चण्याच्या डाळी.

आज शनिवार. बरणी क्रमांक पाच सगळ्यात हिरवी.
झाकण घट्ट लावून ओन्द्राने ती मांडीवर घेतली आहे.
चौथा थांबा आला की उतरायचं,
मग पायऱ्या.
तो सातवा अजून असेल का,
हे आम्ही दोघांनीही विचारलेलं नाही.