एक धागा जास्त

फिन्निश भाषेत लांका म्हणजे धागा.
आपल्याला मात्र सोन्याच्या विटाच आठवतात.
कुओपिओच्या इर्या पुरानेनकडे विटा नव्हत्या,
तळ्याकडे तोंड केलेलं स्वयंपाकघर होतं
आणि चौदा वर्षं रात्री जागून लिहिलेला
हातमागाच्या नक्ष्या मांडणारा प्रोग्रॅम: लांका.
फुकट. उघडा. या, बघा, न्या, बदला.

रौमाच्या तूरे लेहतिसारीने नेला.
वर एक बटण बसवलं, नाव ठेवलं सुक्कुला,
म्हणजे धोटा. दाबलं की झालं.
इर्याच्या सतरा खिडक्या, बावन्न पर्याय
बटणामागे गेले,
पाहुणे आल्यावर पसारा पलंगाखाली जातो तसे.
लोक आले. पुष्कळ आले.
निम्म्यांना ठाऊकच नव्हतं
की लांका नावाचं काही असतं.

बिघडलं की पत्ता मात्र इर्याचा सापडे.
'तुमच्या सुक्कुलाने माझी शाल नासवली.'
माझा सुक्कुला? ती कॉफीच्या कपाला विचारी.
शेवटी तिने तक्रारीच्या अर्जावर पहिलीच ओळ टाकली:
आधी सुक्कुला काढा, मग बोला.

तूरेचं म्हणणं सरळ होतं.
मोकळं म्हणालीस ना? मग किती हात मोकळं?
दार सताड उघडं टाकायचं
आणि उंबऱ्यावर पावती मागायची?
इर्याचंही सरळच होतं.
दारातून ये की. तू आतली दोरी धरून लोंबकळतोस.
ती माझी आहे, मी उद्या कापीन.

ताणा उभा असतो, बाणा आडवा.
इथे दोघांकडेही बाणाच,
ताणा व्हायला कुणी तयार नव्हतं.

नोव्हेंबरात, दुपारी तीनलाच अंधारतं त्या आठवड्यात
तिने दोरीचं नाव बदललं. फक्त नाव.
सुक्कुला जागच्या जागी थांबला.
तिने भांडी घासली, गाढ झोपली.

तिसऱ्या दिवशी कायानीहून एका म्हातारीचं पत्र:
'बटण गेलं म्हणून थेट तुमच्याकडे आले, बाई.
नक्षी आरशात उलटवली
की काठाला एक धागा जास्त येतो.
बोटं थरथरतात माझी, पण मोजता येतं.'

सुक्कुला काढा, असं म्हणायची सोय उरली नव्हती.

पहाटे चारला सापडलं. पहिल्या वर्षीची ओळ,
स्वतःच्याच हातची.
शून्यापासून मोजायचं ते एकापासून मोजलेलं.
मग इतकी वर्षं कुणी बोललं कसं नाही?
तिने तूरेचा कोड उघडला. तोही उघडाच होता,
ती कधी गेली नव्हती.
तिथे, तिच्या आकड्यातून, एक वजा.
शेजारी टीप: का ते कळत नाही, पण करावं लागतं.
तिला तीनदा लिहिलं.

जुन्या तक्रारी चाळल्या. होत्या. तीन.
तिन्हींखाली तिचं तेच एक वाक्य.

लाज वाटायला हवी होती. आधी राग आला.
सहा वर्षं हा माझी चूक मुकाट उसवत बसला
आणि शाबासकी खिशात घालत राहिला!
लाज मागाहून आली,
तळं गोठतं तशी, कडेकडून.

चूक दुरुस्त केली. दोरीला जुनं नाव परत दिलं.
कुणाला काही कळवलं नाही.

संध्याकाळी फोन. घोगरा आवाज, किनाऱ्याकडचा हेल.
'काठाला एक धागा कमी येतोय,' तूरे म्हणाला,
'तू काही केलंस का?'
'एकशे बारावी ओळ,' ती म्हणाली,
'तिथला एक वजा काढ.'
पलीकडे कीबोर्ड वाजत राहिला, मग थांबला.
'तो तुझ्यासाठी घातला होता.'
'माहितेय,' ती म्हणाली. 'कालपासून.'

अर्जावरची ओळ तिने अजून काढलेली नाही.
फक्त आता तिथे
आधी कृपया सुक्कुला काढा, असं आहे.