समासात ‘हशा’

कॉलेजच्या प्रतीला पुराची रेघ आहे.
एकोणीस साली कृष्णा ग्रंथालयात दुसऱ्या फळीपर्यंत आली,
म्हणजे अर्ध्या पानापर्यंत.
रेघेखालचे संवाद फुगलेत,
चित्रातल्या विहीणबाईला
शाई पसरून मिशा फुटल्यात.

शंभर वर्षांपूर्वीचं प्रहसन. तीन अंक.
प्रश्न ठरलेला: ‘विनोदाचे स्वरूप स्पष्ट करा. गुण दहा.’

कथानक वहीत उतरवलंय.
इनामदारांकडे इनाम उरलेलं नाही,
दप्तरदारांकडे दप्तर.
सोयरीक मात्र तोलामोलाची हवी,
म्हणून मुलीकडचे चांदीचा थाळा भाड्यानं आणतात,
मुलाकडचे बग्गी.
तिसऱ्या अंकात कळतं, दुकान एकच,
आणि दुकानदार दोन्हीकडून अक्षता टाकायला आलाय,
डोळा थाळ्यावर ठेवून.

पहिल्या अंकात मध्यस्थ उपरण्याखाली हात घालतो,
बोटं दाबून हुंडा ठरवतो.
कुंभोजकर सरांनी फळ्यावर लिहिलं: अतिशयोक्ती.
मी काही बोलले नाही.
आमचे अण्णा मार्केट यार्डात तोलार.
हळदीचा सौदा रुमालाखाली व्हायचा तेव्हा
ते शेजारी उभे असायचे, पोत्याला गुडघा लावून.
कुठलं बोट किती शेकड्याचं
हे मला बाराखडीच्या आधी येत होतं.

समासात कुणीतरी पेन्सिलीनं जागोजाग लिहिलंय: हशा.
एखाद्या हौशी मंडळाचा माणूस असणार.
अक्षर टपोरं, व्यवहारी,
वाण्याच्या यादीत गूळ लिहावा तसं.
बग्गीचा घोडा दारातच बसतो: हशा.
विहीणबाई थाळ्याखालची दुकानाची खूण पदरानं घासते: मोठा हशा.
एका जागी नुसतंच: खोकला.

रात्री मी मोठ्यानं वाचते, पाठ व्हावं म्हणून.
अक्का साडीला फॉल लावत ऐकते
आणि पेन्सिलवाल्याच्या नेमक्या जागी हसते,
समास तिनं पाहिलेलाही नाही.

मागच्या रविवारी तिला बघायला
कुपवाडहून पाहुणे आले होते.
सोफा खालच्या तांबोळ्यांचा.
वर चढवताना त्याचा एक पाय जिन्यात कुठंतरी पडला,
मी तिथं समीक्षेची दोन जाड पुस्तकं लावली.
(पहिल्यांदाच उपयोगी पडली.)
त्यांची गाडी पांढरीशुभ्र,
नंबराची पाटी पिवळी.
आम्ही ती पाहिली.
त्यांनीही सोफ्याखाली पाहिलं असणार.
पोहे छान झालेत, यावर
दोन्ही बाजूंचं एकमत झालं.

प्रहसनातल्या मुलीचं नाव चिमा.
मी मोजलं: तिला वाक्यं अकरा,
त्यातली सात ‘हो’.
शेवटचं वाक्य रेघेच्या खाली, पुसट,
दिव्याजवळ धरून अक्षर लावावं लागतं:
‘थाळा उद्या परत जाईल. मी कधी?’
शेजारी ‘हशा’ लिहिलंय,
आणि मग इतकं गिरवून खोडलंय
की कागदाला भोक पडून
त्यातून पुढच्या पानावरची सनई दिसते.

मी हे वाचलं तेव्हाच अक्काचा दोरा संपला.
नवा ओवेपर्यंत ती गप्प.
ओवला तरी गप्प.
मग म्हणाली, ‘हितं पडदा पडतो काय गं?’
‘नाही. सनई सुरू होते.’
‘मग लई मोठ्यानं वाजवत असतील.’

सोमवारी पुस्तक परत द्यायचंय.
मुद्दे काढून ठेवलेत: उपहास, विसंगती, शाब्दिक कोट्या.
खोडलेला शब्द कुठल्या मुद्द्यात घालायचा
हे ठरत नाही,
आणि खालून तांबोळीकाकू हाक मारतायत,
सोफ्याचा पाय सापडला म्हणून.