मान्य त्रुटी

माझं काम लोकांचे काटे तपासायचं.
भायखळ्याची भाजी, मस्जिद बंदरची सुकी मिरची,
झवेरी बाजारात तर श्वास रोखून.
काटा खोटा निघाला तर सील, खरा निघाला तर शिक्का.
आणि प्रत्येक काट्याला थोडी चूक माफ असते.
किती, ते तक्त्यात छापलेलं आहे.

परळला डॉक्टर भरुचांच्या दवाखान्यातला काटा
मी पहिल्याच भेटीत वाकून पाहिला होता.
शिक्का चालू वर्षाचा.
म्हणजे सव्वीस किलो चारशे हे खरंच होतं.
जूनमध्ये सव्वीस सहाशे होता.
अकरा वर्षांचा मुलगा,
आणि दिवाळीचा शर्ट अजून मनगटापर्यंत येतो.

नाव आम्हीच ठेवलं होतं, तन्मय.
शाळेत बाई हजेरी घेताना हसायच्या.
गोळी सुरू झाली आणि वहीचं पान भरलं,
समासापासून थेट खालच्या ओळीपर्यंत.
हर्षलाने ते पान ऑफिसात नेऊन दाखवलं.
डबा मात्र जसाच्या तसा परत,
पोळीची घडीसुद्धा न मोडलेली.
"भूक नव्हती," तो सांगतो,
शेजारच्या मुलाबद्दल सांगावं तसं.

बाईंनी काही लपवलं नव्हतं.
भूक जाईल, झोप लांबेल, उंची थोडी रेंगाळेल,
डोळे मिचकावू लागला तर लगेच फोन करा.
मग पेन थांबवून विचारलं,
तुमच्या घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय?
मला धाकटा काका आठवला.
बत्तिसाव्या वर्षी, मालवणला, कमरेएवढ्या पाण्यात.
घरात आम्ही नेहमी म्हणत आलो, पाण्याने नेला.
बाईंनी ते लिहून घेतलं आणि दोन तपासण्या वाढवल्या.
हृदय निकोप निघालं.
तरी रात्री अकराला मी त्याच्या मनगटावर बोटं ठेवतो
आणि घड्याळाकडे बघत मोजतो.
"बाबा, मी जागाच आहे."
एकोणनव्वद, नव्वद.
"माहीत आहे. झोप."

साडेपाचला गोळी उतरते.
तेव्हा वरणात लिंबू कुणी पिळलं
यावरूनही त्याला रडू फुटतं,
आणि रडून झाल्यावर तो आमच्याकडे असा बघतो
की चूक आमचीच असावी.
असेलही.

नोव्हेंबरात पाकिटातल्या दोन गोळ्या कमी भरल्या.
माझ्यासारख्या माणसाच्या घरात.
तिसऱ्या मजल्यावरचा शार्दूल, बारावीचा,
रात्रभर भौतिकशास्त्र करायला बसला होता,
पहाटे त्याला भाभात नेलं, छाती धडधडते म्हणून.
वाचला, दुपारी घरी आला, पेपरला बसला.
मी तन्मयला विचारलं, बदल्यात काय घेतलंस?
"काही नाही. तो म्हणाला, तुला काय होतंय,
तू तर रोज खातोस."
ओरडायला तोंड उघडलं होतं मी.
आता गोळ्या कपाटात, वजनांच्या पेटीशेजारी, एकाच किल्लीत.

त्या पेटीत दहा मिलिग्रॅमचंही एक वजन आहे.
अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा, एक कोपरा दुमडलेला,
चिमट्यानेच उचलायचा.
गोळीवरही दहाच लिहिलंय.
एवढ्याशाने माझा मुलगा
दुपारपर्यंत बाकावर बसून राहतो.

रविवारी सुट्टी, बाईंच्या परवानगीने.
आज त्याने पाच बोंबील खाल्ले,
एक ग्लास फोडला, आईला मागून मिठी मारली,
आणि मी पेटी पुसत असताना खांद्यावरून वाकून
इतक्या जोरात हसला
की पापुद्रा उडाला.

पाऊण तास आम्ही दोघं पलंगाखाली, हातात टॉर्च.
धूळ, एक कॅरमची सोंगटी, जुना दात घासायचा ब्रश.
मधेच तो उठून गॅलरीत गेला, कावळा बघायला,
परत आला, पुन्हा पालथा पडला.
"बाबा, हरवलं तर तुम्हाला बोलतील?"
बोलतील. लेखी उत्तर द्यावं लागेल.
"मग माझं नाव सांगा."

सापडलं नाही.
उद्या सोमवार. साडेसातला मी कपाट उघडीन.
त्याआधी त्याला काहीतरी खायला घालायला हवं,
उपमा नको, उपमा तो ठेवून देतो,
थालीपीठ, वर लोणी,
सातच्या आत.