पाइपापुरतं भोक

अकरा घरं बदलली मी सोलापुरात.
अकरा डिपॉझिटं, त्यातली सात परत आली नाहीत.
एका मालकाला माझा खोकला नको होता,
एकाला तंबाखूचा वास,
एकानं नुसतं आडनाव विचारलं
आणि खोली कालच गेली म्हणाला.

ही बारावी. देवळाच्या ट्रस्टची.
मागच्या शेडात पूर्वी सोळा माग होते.
माग भंगारात गेले, पंचांनी मधे विटा उभ्या केल्या,
चौदा खोल्या. महिन्याला सहाशे,
आणि पावती मिळते.
पहिली पावती मी पेटीत, लग्नातल्या साडीच्या घडीत ठेवलीय.
शेजारची नागमणी म्हणते, रात्री भिंतीला कान लावला
की खटक-खटक अजून येतं.
मला नाही येत. मला विड्या मोजायच्या असतात.

मी सगळंच पंचविसात मोजते.
पंचविसाचा कट्टा, चाळीस कट्टे म्हणजे दिवस.
मेथीचं बीसुद्धा बोटं तशीच सोडतात.

शेडामागं रंगाचे हौद होते.
खणलं की माती निळी निघायची, खाली लाल,
मग कसलीच नाही.
"इथं काय उगवतंय," म्हणाले गुंडेटीमामा.
त्यांनीच चाळीस वर्षं त्या हौदांत सूत बुडवलं होतं.
नखं अजून जांभळी आहेत.
पहिल्या वर्षी खरंच काही उगवलं नाही.
मिशनच्या आवारातून सालोमी सिस्टर
हातगाडीनं लिंबाचा पाला आणायच्या, शेण आणायच्या,
रिटायर झालेली नर्स ती, मातीलाही दटावायची:
"घाई नाही करायची. आधी जखम भरू दे."

विहीर मात्र पलीकडं, मशिदीत. मधे भिंत.
पाइपापुरतं भोक पाडायला चार बैठका झाल्या.
चौथीत आवाज चढले,
कुणाचं पाणी, कुणाच्या देवाची जमीन.
मी दाराशी सूप घेऊन बसले होते, हात चालू, कान तिकडं.
शेवटी नदाफचाचा उठले. म्हणाले,
"वजूचं पाणी गटारात जातंय रोज.
गटारानं कधी विचारलं नाही, कुणाचं म्हणून."
दुसऱ्या दिवशी स्वतःच छिन्नी घेऊन बसले,
आणि अंगठा ठेचून घेतला.

ठरलं होतं पाइपापुरतंच.
पण एक वीट निघाली की शेजारची हलते.
आधी तिथून शेंगाचटणीची वाटी गेली,
मग नागमणीचं मांजर,
मग पोरं.
आता मीही जाते, कंबर धरून, वाकून.

पहिली तरारली ती अंबाडी.
मी म्हटलं अंबाडी, नागमणी म्हणाली गोंगूरा,
शरणव्वा म्हणाली, पुंडी गं ती, पुंडी,
आणि पाटी कोरीच राहिली.
वालावर मावा पडला तेव्हा
माझ्या सुपातला भुगा भिजवून फवारला.
ज्यानं माझी छाती खाल्ली
त्यानं किडे मेले.
मी हसले, आणि हसता हसता खोकले,
तर तीन दारांतून तीन तांबे आले पाण्याचे.
अकरा घरांत असं झालं नव्हतं.

एवढं सांगून थांबले असते.
पण काल दुपारी, रस्ता वितळत होता तेव्हा,
एक बाई आली. कडेवर पोर, हातात गॅसची शेगडी,
डिपॉझिट बुडालेलं तिच्या तोंडावर दिसत होतं.
खोली आहे का म्हणाली.

चौदा खोल्या, चौदा कुलपं.
ट्रस्टच्या वहीत आधीची चोवीस नावं.
तिचं लिहिलं. पंचवीस झाली.
पंचवीस झाली की माझा हात दोरा शोधतो.

काय बांधणार?
अंबाडीची जुडी बांधली, तिच्या पिशवीत घातली.
तिनं घर मागितलं आणि मी भाजी दिली.
ती "बरं" म्हणाली. आणि गेली नाही लगेच,
सावलीत उभी राहिली, भिंतीतल्या भोकाकडं बघत.

पलीकडं मशिदीची पडकी धर्मशाळा आहे, गवत वाढलेली.
मीही बघत राहिले.
संध्याकाळी नदाफचाचा आले की विचारते,
छिन्नी कुठं ठेवलीय.